होडीमागचं पाणी

मिनेसोटात ऑक्टोबर उतरणीला लागला की तळ्याकाठच्या घरांपुढे लोक होड्यांच्या पोटात वाकलेले दिसतात. पानगळ सरत आलेली असते, उन्हात ऊब उरलेली नसते, पाण्यातले लाकडी धक्के सुटे करून काठावर रचलेले असतात. या दिवसांतलं मुख्य काम म्हणजे इंजिनातलं पाणी काढून टाकणं. ब्लॉकच्या दोन्ही अंगांना, खाली, हात जेमतेम पोचेल अशा जागी पितळेचं एकेक बूच असतं. पान्यानं ते सैल करून बोटांनी फिरवत काढलं तरी पहिल्यांदा काहीच येत नाही. उन्हाळाभराचा गाळ आणि गंज साचून भोक बुजलेलं असतं. मग तारेचा तुकडा आत घालून हलवायचा, आणि अचानक तांबूस, गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. आणखी काही आठवडे थांबलं तर ते ओघळणार नाही, आतच दगड होऊन बसेल.

काढलेली बुचं इथले लोक परत लावून ठेवत नाहीत. एका पिशवीत घालून ती पिशवी सुकाणूच्या चाकाला बांधतात. वसंतात जो कोणी पहिल्यांदा चाकाला हात लावेल, त्याच्या नजरेला ती आधी पडावी म्हणून. पुढच्या माणसासाठी, मग तो आपण स्वतःच का असेना, अशी खूण ठेवून जायची ही रीत मला फार आवडते.

मोटारीच्या इंजिनात न गोठणारा द्रव बंद नळ्यांतून फिरत असतो. जुन्या स्की होड्यांपैकी बहुतेकींचं तसं नाही. त्या तळ्याचंच पाणी तळातून ओढून घेतात, इंजिनाभोवती खेळवतात आणि धुराबरोबर मागून परत तळ्यात सोडतात. साधी, सुंदर व्यवस्था आहे. तिची एकच अट: थंडीआधी पाणी निघालं पाहिजे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि बिडाला लवणं माहीत नाही.

आमच्याकडे आलेली होडी एका शेतावरच्या कोठारात उभी होती. १९८०च्या दशकातली स्की नॉटिक, लांबी एकोणीस फुटांच्या आत-बाहेर, पांढऱ्या अंगावर विटलेला निळा पट्टा. मालक वारले होते. त्यांच्या पत्नीनं होडी दाखवताना काही लपवलं नाही. ‘त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ते इस्पितळात होते,’ त्या म्हणाल्या, ‘पाणी कोणी काढलं नाही. मला सुचलं नाही आणि त्यांना सांगायचं भान नव्हतं.’ मग त्यांनी एक वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली. तेल कधी बदललं, पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र कधी बदललं, कोणता पंखा लावल्यावर होडी कशी उचलली, सगळं त्या गृहस्थांच्या बारीक तिरक्या अक्षरात होतं. दर वर्षीच्या नोंदी पाणी काढल्याच्या ओळीनं संपत होत्या. शेवटच्या वर्षी ती ओळ नव्हती.

होडी घरी आणून तेलाची कांडी ओढली, तेव्हा कांडीवर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा साका चढलेला होता. तेलात पाणी गेलं की असं होतं. मेकॅनिकनं विजेरी धरून ब्लॉकच्या कुशीवरून बोट फिरवलं आणि माझ्या लेकीचा हात धरून तिचंही बोट त्याच रेषेवर ठेवलं. रेषा नखाला लागत होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हती. एका माणसाच्या आजारपणाचा हिवाळा बिडात असा कोरला जावा, यावर मला किती तरी वेळ काही सुचेना. लेक मात्र लगेच म्हणाली, ‘मग आता कुठलं इंजिन घालायचं?’

तिचा प्रश्न इतका सरळ होता, की उत्तरही सरळ असेल असं वाटलं. ते तसं नसतं हे कळायला तो अख्खा वसंत लागला.

ज्यांनी ही होडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बहुतेक छोट्या मोटारबोटींचं इंजिन मागे असतं, टांगलेलं किंवा शेपटीत बसवलेलं. पाण्यावरच्या स्कीसाठी बांधलेल्या या इनबोर्ड होडीत ते अगदी मध्यावर असतं, एका पेटीखाली. पेटीवर गादी असते, त्यामुळे बसणारे इंजिनाभोवतीच बसतात, गार दिवसांत तिच्यावर हात शेकतात. इंजिनाच्या मागून इंचभर जाडीचा शाफ्ट तिरका खाली उतरतो, तळातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. मध्ये वळणं नाहीत, कोपरे नाहीत. वजन मध्ये ठेवण्याचं कारण एकच: मागे पडणारी लाट लहान हवी. दोरीच्या टोकाला जो एका स्कीवर उभा आहे, त्याला होडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सारखं जायचं असतं. वाटेत होडीची स्वतःची लाट आडवी येते. ती जितकी सपाट, तितकी होडी चांगली.

मला ही गोष्ट विलक्षण वाटते. शेकडो अश्वशक्तीचं यंत्र बांधायचं, ताशी ५८ किलोमीटरनं पाण्यावरून पळवायचं, आणि तिचा गुण मोजायचा तो तिनं पाण्यावर किती कमी खूण ठेवली यावरून. स्लॅलमच्या मार्गात सहा बोये असतात, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. होडी मधून सरळ जाते आणि स्कीवाला एकामागून एक बोयाला वळसा घालतो. प्रत्येक वळशानंतर तो होडीला आपल्याकडे खेचतो. होडीनं ढळायचं नाही, वेग सोडायचा नाही आणि त्याच्या पायाखालचं पाणी बिघडवायचं नाही. चालवणाऱ्याचं कसब, होडीचा तळ, इंजिनाचं वजन, पंख्याचा पीळ, सगळं या एका गोष्टीसाठी राबत असतं. मागे वळून पाहिलं तर दोन मऊ सुरकुत्या दूर होत जाताना दिसतात आणि त्यांच्यामध्ये काचेसारखं पाणी.

आमच्या घरापासून गाडीनं जाता येईल इतक्या अंतरावर लेक सिटी नावाचं गाव आहे, पेपिन सरोवराच्या काठी. सरोवर म्हणायचं, पण ती मिसिसिपीच आहे. चिप्पेवा नदीनं आणून टाकलेल्या गाळामुळे पाणी तुंबून तिथं पसरलेलं आहे, एका काठाला मिनेसोटा, दुसऱ्याला विस्कॉन्सिन. या पाण्यावर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाचा पोरगा पहिल्यांदा दोन फळ्यांवर उभा राहिला. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. सगळ्या बुडाल्या. मग पाइनच्या आठ फुटी फळ्या आणून आईच्या कपडे उकळण्याच्या भांड्यात त्यांची टोकं वाफवली आणि वर वळवली. दोरी म्हणजे खिडक्यांना असते ती सुताची, टोकाला लोहाराकडची लोखंडी कडी. भाऊ बेन होडी चालवायचा. २ जुलैला, एकोणिसावा वाढदिवस उजाडायच्या आदल्या दिवशी, राल्फनं मागे रेलून फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि तो उभा राहिला. तीन वर्षांनी तो त्याच सरोवरावर एका कर्टिस विमानामागेही धावला, पाण्यावर उतरणाऱ्या.

गावात त्याची आठवण जपलेली आहे. पण माझं मन नेहमी बेनच्या होडीकडे जातं. ती कामाची होडी होती आणि तिच्यात सॅक्सन कंपनीच्या ट्रकचं इंजिन बसवलेलं होतं. म्हणजे पाण्यावरची स्की जन्माला आली तीच जमिनीवरच्या इंजिनाच्या जोरावर. शंभर वर्षं झाली, तो धागा तुटलेला नाही. आमच्या होडीतलं फुटलेलं इंजिनही मुळात फोर्डच्या गाड्यांसाठी घडलेलं होतं.

हे कळलं तेव्हा मला हर्णै आठवलं. माझं लहानपण तिथलं. सुवर्णदुर्ग समोर, बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव, आणि त्या सगळ्यावर डिझेलचा वास. मोठ्या होड्यांत ट्रकची इंजिनं असायची, बरीचशी लेलँडची, समुद्रासाठी बदलून घेतलेली. पावसाळ्यात दर्या बंद झाला की होड्या ओढून वर घेत, झावळ्यांनी शाकारत, आणि मग कितीतरी इंजिनं पोटातून बाहेर यायची. तिपाई उभी करायची, तिला साखळीची कप्पी टांगायची, चार जणांनी दोर धरायचे. नाखवा स्वतः उभा असायचा आणि मिस्त्री खाली उतरलेला. ‘हळू घ्या रे, आस्ते!’ एवढंच सारखं ऐकू यायचं. शाळेच्या वाटेवर आम्ही मुली थांबून बघायचो. वर आलेलं इंजिन पावसाच्या सावटात काळंभोर दिसायचं आणि होडी एकदम हलकी, पोकळ, दुसऱ्याच कुणाची वाटायची. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं परत जागेवर हवं, म्हणून रात्री पेट्रोमॅक्स लावून काम चालायचं.

हर्णैला पाऊस, इथं बर्फ. होडी पाण्याबाहेर असते तेव्हाच माणसं तिच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ असतात. एवढा एक धागा मला दोन्हीकडे सापडला, आणि परदेशात कितीतरी वर्षं काढल्यावर असा धागा हाताला लागला की मी तो सोडत नाही.

मेकॅनिक म्हातारे आहेत. शेजारच्या गावात त्यांची शेड आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी फोर्डच्या इंजिनाचं कूळ सांगितलं. ३५१ घनइंचांचं, म्हणजे ५.८ लिटरचं हे आठ सिलिंडरचं इंजिन १९६९च्या गाड्यांपासून आलं आणि कॅनडातल्या विंडसर शहरातल्या कारखान्यावरून विंडसर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच आकड्याचं आणखी एक इंजिन फोर्डनं क्लीव्हलँडला बनवलं आणि ते अगदी वेगळं आहे. नुसता आकडा सांगून सुटं सामान मागवलं तर भलतंच दारात येऊन पडतं. पीसीएम कंपनी फोर्डकडून विंडसर घेऊन त्याला पाण्यासाठी तयार करायची. आमच्या होडीत ते २४० अश्वशक्तीचं म्हणून बसवलेलं होतं. आता फोर्ड ते बनवत नाही, पण जुने ब्लॉक साफ करून, सिलिंडर पुन्हा कातून, नव्या पिस्टनांनिशी जुळवून विकणारे लोक आहेत.

‘मग भंगारातल्या गाडीचं का नको?’ लेकीनं विचारलं. त्यांनी तिला पेटीचं झाकण उघडायला लावलं. होडीच्या पोटात वाकून वास घ्यायला सांगितला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीखाली ती वाऱ्यावर निघून जाते, होडीत मात्र तळाशी साठून राहते, तिला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून पाण्यावरच्या इंजिनाचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असे बंदिस्त असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला भेटू नये. कार्बुरेटर भरून वाहिला तरी पेट्रोल तळात न पडता आतच ओढलं जावं अशी त्याच्या नळ्यांची वळणं असतात. त्यावर हवेची गाळणी नसते, धातूच्या पत्र्यांची जाळी असते. इंजिन उलटं शिंकलं तर ज्वाळा तिथंच विझावी म्हणून. आणि सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा, हे तर होडीवरच लिहिलेलं असतं. वरून दोन्ही इंजिनं सारखी दिसतात. ब्लॉकही एकच. पण बुचं पितळेची, गॅस्केटं गंजाला टिकणारी, कॅमशाफ्टचा घाट निराळा, कारण गाडी सारखी धीमी-जलद होत असते आणि होडी तासन् तास भरल्या ओझ्यानं एकाच वेगात राबते.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमचं कुठल्या बाजूनं फिरतं?’ या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. काही जुन्या स्की होड्यांत इंजिन गाडीच्या उलट दिशेनं फिरणारं असे. तसं असेल तर कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टर वेगळा, क्रँकच्या मागच्या तेलाच्या सीलवरच्या रेषासुद्धा उलट्या तिरक्या, गिअरबॉक्समधला पंप फिरवून बसवावा लागतो. आमचं सरळ फिरणारं निघालं. पण दिशेचा संबंध नुसत्या सुट्या भागांशी नाही. एका पंख्याची होडी मागे घेताना कधी सरळ जात नाही, शेपूट एका बाजूला ओढलं जातं, आणि ती बाजू पंखा कुठल्या अंगानं फिरतो त्यावर ठरते. वहीत त्या गृहस्थांनी धक्क्याला होडी कशी लावायची याचं छोटं चित्र काढलेलं होतं, बाण दाखवून. दिशा बदलली असती तर ते चित्र खोटं पडलं असतं.

मोह झाले नाहीत असं नाही. एका विक्रेत्यानं नव्या इंजिनाची माहिती दाखवली. शेवरलेच्या घराण्यातलं, कार्बुरेटरऐवजी संगणकानं पेट्रोल मोजून देणारं, थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारं, शक्ती जवळपास दीडपट, आणि वजनाला हलकं. २०१०नंतरच्या इंजिनांत धूर साफ करणारा कॅटॅलिस्टही असतो, ही चांगलीच गोष्ट आहे. आपण ज्या पाण्यात पोहतो त्यातच तो धूर सोडतो. किंमत होडीच्या किमतीहून जास्त होती, पण नुसत्या पैशांमुळे मी मागे हटले असं म्हणणं खरं होणार नाही. त्या आठवड्यात मी रोज रात्री हिशेब मांडत होते आणि प्रत्येक वेळी तो जुळत होता.

अडलं ते दुसरीकडेच. मेकॅनिक म्हणाले, ‘इंजिन हलकं झालं की होडी पाण्यात वेगळी बसेल. चांगली बसेल की वाईट, ते पाण्यात घातल्यावरच कळेल. ज्यानं हा तळ आखला त्यानं हे वजन इथंच धरून आखला.’ एवढं बोलून ते कामाला लागले. मला वाटतं, त्या वाक्यानं माझा निर्णय जवळजवळ केला. होडीच्या तळाचा आकार म्हणजे कोणीतरी पाण्याबद्दल केलेला विचार असतो. कमरेपासून मागे तो कसा सपाट होत जातो, कडा कुठे धारदार ठेवलीय, हे सगळं ठरावीक ओझ्याच्या भरवशावर ठरवलेलं असतं. त्यात इंजिन घालणाऱ्यानं तो विचार आधी ऐकून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. २४० अश्वशक्तीत ही होडी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जाते आणि स्कीला लागतात अठ्ठावन्न. खोल पाण्यातून माणसाला उभं करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत जो दम लागतो, तो या मोठ्या, संथ इंजिनात मुबलक आहे. त्याहून जास्त शक्ती घेऊन ती ठेवायची कुठे?

लेकीचं मत सहज वळलं नाही. तिच्या वयाच्या मुलांना आता वेगळी होडी माहीत आहे. पोटात शेकडो किलो पाणी भरून मुद्दाम जड केलेली, शेपूट खोल बुडवून चालणारी, मागे कमरेएवढी लाट उभी करणारी. त्या लाटेवर दोरी सोडून देऊन फळीवर उभं राहतात. मी तिच्याबरोबर काठावर बसून ते पाहिलं आहे आणि त्यातला आनंद मला कळतो. मोकळे हात, लाटेच्या पोटात शिरलेली मुलगी, होडीतून ओरडणारी बाकीची पोरं. पण ती लाट तिथंच संपत नाही. ती काठावर येते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेनं २०२२ साली मोजमाप करून सुचवलं, की अशा होड्यांनी काठापासून ५०० फुटांहून दूर राहावं. आमच्या तळ्याच्या खाडीत तेवढी रुंदीच नाही.

तिथं लून घरटं करतात. काळा-पांढरा अंगरखा, लाल डोळे, आणि रात्री अशी हाक की झोपेतही पाठीवर काटा यावा. लूनचे पाय अंगाच्या फार मागे असतात, जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, म्हणून तो अगदी पाण्याला टेकून घरटं बांधतो, बाहेर सरकलं की पाण्यात. मोठी लाट आली की अंडी भिजतात, वाहूनही जातात. लेकीला हे मी सांगितलं नाही. तिनं ते शाळेत असल्यापासून पाहिलेलं आहे, मिनेसोटाचा राज्यपक्षीच तो. तिनं एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी कयाक थांबवून, दुसऱ्या कुणाच्या तरी होडीची लाट लव्हाळ्यात शिरताना पाहिली आणि घरी येऊन म्हणाली, ‘आपली सपाटच राहू दे.’ मी का असं विचारलं नाही.

विजेच्या होड्यांबद्दलही आम्ही बोललो. आमची होडी बनवणाऱ्या नॉटिक कंपनीनंच २०२०मध्ये एक काढली. इंजिनाचा आवाजच नाही, दोरीचा आणि पाण्याचा तेवढा आवाज. ती कल्पना मला अजून सोडत नाही. पण बॅटऱ्यांचं वजन आमच्या या जुन्या तळानं पेलावं, हे मागणं मला अन्यायाचं वाटलं. कधी घेतलीच, तर तिच्यासाठी आखलेल्या तळातच घेऊ.

विंडसर मागवलं. नव्यानं जुळवलेला लाँग ब्लॉक, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन आणि हेड. वरचे मॅनिफोल्ड, कार्बुरेटर, पंप आमचेच, साफ करून. इंजिन येईपर्यंत होडी रिकामी होती आणि मेकॅनिकनं तिच्या आतल्या लाकडी तुळ्यांवर छोट्या हातोडीनं टकटक करत पुढून मागे तपासणी केली. जुन्या होड्यांत या तुळ्या फायबरग्लासच्या वेष्टणात असतात, बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून काही दिसत नाही, आवाज तेवढा बदलतो. टणक, टणक, टणक, आणि एका जागी बद्द. उजवीकडच्या मागच्या पायाशी हातभर लाकूड कापून नवं घालावं लागलं. ते राहून गेलं असतं तर कितीही चांगल्या इंजिनाला उभं राहायला भुई नव्हती.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेषा जुळवण्यात. शाफ्टच्या टोकाची तबकडी आणि गिअरबॉक्सची तबकडी समोरासमोर आणायची आणि त्यांच्यामध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजची पाती सरकवून पाहायची. चारही जागी अंतरातला फरक इंचाच्या हजारांश भागांत, तीन भागांहून जास्त चालत नाही. गिअरबॉक्ससकट साडेतीनशे-चारशे किलोंचा डोलारा, आणि तो पायाच्या नटाला पाव फेरा देऊन केसभर हलवायचा. मेकॅनिक बोलायचे बंद झाले. लेक पाती पुसून त्यांच्या हातात देत होती, ते डोळे मिटून ती सरकवत होते, कारण अटकाव बोटांना आधी कळतो. दुपार कलली. मी दोनदा कॉफी करून आणली आणि दोन्ही वेळा ती गार झाली. त्या दुपारी आम्ही तिघंही सुखात होतो, एवढं मला नक्की सांगता येईल.

पाण्यात गेल्यावर तळ किंचित आकार बदलतो, म्हणून काही दिवस होडी तरंगत ठेवून तेच माप परत घ्यावं लागलं. ते बदललेलं होतं. पुन्हा पाती, पुन्हा पाव फेरा. मग सुरुवातीचे तास वेग बदलत, जोर न लावता चालवून, तेल काढून, गाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत का ते पाहून, शेवटी एका सकाळी लेकीनं दोरी बांधली. उभी राहिली, लाट ओलांडून गेली, परत आली. मी चाकावर होते, मागे पाहणारी तिची मैत्रीण होती, त्यामुळे पाणी कसं दिसत होतं ते मला त्या दोघींकडूनच ऐकायला मिळालं. एकीनं सांगितलं खूपच सपाट, दुसरीनं सांगितलं पंखा बदलून पाहायला हवा. वहीत तेरा इंची पंख्याबद्दल दोन पानं आहेत, ती आम्ही आता वाचतो आहोत.

फुटलेला ब्लॉक अजून शेडमध्ये आहे. जुना ब्लॉक परत दिला की काही रक्कम मिळते, पण भेगाळलेला कोणी घेत नाही. क्रँक मात्र शाबूत आहे, हेडही. मेकॅनिकनं ओळखीत सांगून ठेवलं होतं, त्यातून परवा पेपिनच्या पलीकडच्या काठावरून, विस्कॉन्सिनमधून एकाचा फोन आला. फोन लेकीनं घेतला. नाव-गाव सांगायच्या आत त्यानं विचारलं की क्रँक कुठल्या बाजूनं फिरणारा आहे. तिनं क्षणही न थांबता सांगितलं. मग दोघं बराच वेळ बोलत होती, सीलबद्दल, कातकामाच्या मापांबद्दल, त्याच्या अर्धवट उघडून पडलेल्या होडीबद्दल. तिला क्रँक देऊन टाकावा असं वाटतं. मेकॅनिक म्हणतात ठेवा, असे आता मिळत नाहीत, पुढे-मागे तुम्हालाच लागेल. मला दोघांचंही पटतं. शनिवारी तो माणूस येतो आहे. त्याआधी, ज्यांनी होडी आणि वही दिली त्या बाईंना एकदा विचारून घ्यायचं आहे.